सरांचा राजीनामा घेऊन विषय मिटवायचा म्हणतायत. मी काय करू?

नवीन_बाई

नमस्कार. गाव, शाळा काही सांगत नाही, समजून घ्या. तालुक्याच्या ठिकाणची अनुदानित माध्यमिक शाळा. मी शिक्षण सेविका, तिसरं वर्ष चालू, मानधन १८,०००. जूनमध्ये माझा नियमित वेतनश्रेणीचा प्रस्ताव जायचा आहे आणि तो संस्थेच्या सहीशिवाय हलत नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढची माझी भीती कळेल.

नववीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी घुटमळत होती. आत यायचं धाडस होईना. मी तिला प्रयोगशाळेत नेलं. तिनं दप्तरातून आईचा मोबाइल काढला. आमच्याच एका सरांचे मेसेज. गेल्या वर्षी आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेच्या जादा तासांसाठी सरांनी नंबर घेतला होता. सुरुवातीचे मेसेज अभ्यासाचे, 'पान नंबर अमुक सोडव' वगैरे. मग रात्री अकराला 'झोपलीस का'. मग 'डीपी छान आहे, अजून एक पाठव'. मग 'घरी कोण आहे आत्ता'. आणि प्रत्येक वेळी खाली, 'वाचून झालं की डिलीट कर'. तिनं केलं नाही. जादा तासाला सर बाकाजवळ येऊन अंगाला हात लावतात, सरकलं तरी सरकतात, म्हणून तिनं तास सोडला. तिच्या बरोबरच्या आणखी एकीनंही सोडलाय म्हणाली, पण ती बोलायला तयार नाही.

मी हेडसरांना सांगितलं. ते म्हणाले 'बघतो'. दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं तर सचिवसाहेब बसलेले. त्यांचं ठरलेलं होतं. सरांचा राजीनामा घ्यायचा, अनुभवाचा दाखला चांगला द्यायचा, ते जिल्ह्याबाहेर कुठंतरी लागतील. मुलीचं नाव बाहेर येणार नाही, शाळेचंही नाही. 'तुम्ही नवीन आहात, तासांकडे लक्ष द्या,' असं मला हसून सांगितलं. तो हसण्याचा भाग जास्त लागला.

सर जुने आहेत. दर वर्षी त्यांची मुलं शिष्यवृत्तीत येतात, त्यामुळे गावात मान आहे. मी तोंड उघडलं तर माझ्यावरच उलटेल का? नुसत्या मेसेजवर काही होतं का? मुलीचे आईवडील 'नको' म्हणाले तर? आणि राजीनामा घेतला तर निदान आमच्या शाळेतल्या मुली तरी सुटतील, हेही मनात येतंच. कुणी अशा प्रकरणातून गेलं असेल तर सांगा.

कृष्णाकाठ_७१

सरळ पोलिसात जा. सरांना आधी गाठून 'असं का केलंत' विचारू नका. फोन बदलेल, मेसेज जातील, आणि पोरीच्या घरी चार माणसं समजवायला येतील.

फळ्यापुढे_अर्धं_आयुष्य

माझं मत कडू वाटेल. मी शिक्षक आहे, संघटनेचं काम करतो. खोट्या तक्रारीही पाहिल्यात. एका सरांनी पोराला नापास केलं म्हणून घरच्यांनी बहिणीच्या नावानं अर्ज दिला होता. संस्थेत दोन गट असले की पद रिकामं करायलाही असले अर्ज निघतात, कारण एका जागेचा भाव काय चाललाय हे इथं सगळ्यांना माहीत आहे. नवीन बाई खोटं बोलतायत असं म्हणत नाही. पण त्यांनी एकच बाजू पाहिली आहे. आधी शाळेत चौकशी होऊ द्या, त्या माणसाला बोलू द्या, मग पोलीस. एकदा पेपरात नाव आलं की पुढं निर्दोष सुटला तरी गावात तोंड दाखवता येत नाही.

वकील_कोर्टनाका

नवीन बाई, क्रमाने सांगतो.

पोक्सो, म्हणजे १८ वर्षांखालच्या मुलामुलींवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, २०१२. त्याचं कलम १९. मुलाविरुद्ध असा गुन्हा घडल्याची माहिती ज्याला आहे, त्या प्रत्येकाने ती पोलिसांना द्यायची आहे. 'द्यावी' नाही, द्यायचीच. तुम्ही मेसेज पाहिले, मुलीचं ऐकलं, म्हणजे तुम्हाला माहिती झाली. हेडसरांना तुम्ही सांगितलं, म्हणजे त्यांनाही झाली. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. आणि संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाचं झाकतो तेव्हा एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. सचिवसाहेब ज्याला मिटवणं म्हणतायत ते त्यांच्या स्वतःवरचं कलम आहे. चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलींच्या प्रकरणात तपासणाऱ्या डॉक्टरने कळवलं नाही म्हणून त्याच्यावर गुन्हा लागला. नागपूर खंडपीठाने तो रद्द केला होता, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये परत लावला. डॉक्टरला सूट नाही तर सचिवाला कुठून मिळणार?

तुमच्यावर उलटेल का? कलम १९ मध्येच शेवटी लिहिलंय की सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. फळ्यापुढे साहेब, मुद्दाम खोटी तक्रार करणाऱ्याला कलम २२ मध्ये शिक्षा आहे, मात्र तक्रार करणारं मूल असेल तर त्याला नाही. आणि 'आधी शाळेत चौकशी' हा क्रम कायद्यात नाही. खरं-खोटं करणं पोलिसांचं आणि कोर्टाचं काम. शाळेची चौकशी नोकरीपुरती. दोन्ही एकदम चालू शकतात.

नुसते मेसेज म्हणू नका. लैंगिक हेतूने मुलाशी फोनवरून किंवा कुठल्याही साधनाने वारंवार संपर्क करणं कलम ११ मध्ये येतं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तासाला होतं ते त्याहून गंभीर. तशा हेतूने केलेला स्पर्श शाळेच्या कर्मचाऱ्याने केला असेल तर कलम ९ आणि १०, किमान पाच वर्षं, जास्तीत जास्त सात. कोणतं कलम लागेल ते तपासात ठरेल, तुम्ही ठरवायचं नाही. पाहिलं-ऐकलं तेवढंच सांगायचं.

आईचा मोबाइल आहे तसा राहू द्या. स्क्रीनशॉट कुणाला पाठवू नका, शिक्षकांच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. मुलीची ओळख फुटणं हाही वेगळा गुन्हा आहे. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं होतो. शक्यतो महिला उपनिरीक्षक येतात, गणवेशात नसतात, आईवडील जवळ असतात. हे पालकांना सांगितलं की निम्मी भीती जाते, कारण त्यांच्या डोळ्यासमोर ठाण्यातला बाक असतो.

आईवडील नको म्हणाले तरी तुमचं कर्तव्य सुटत नाही. राजस्थानातलं एक प्रकरण वाचा. शिक्षकाविरुद्ध वडिलांनी गुन्हा नोंदवला, मग स्टॅम्पपेपरवर 'गैरसमजातून तक्रार केली' असं लिहून दिलं. उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला. गावातलीच दुसरी माणसं सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला तो गुन्हा पुन्हा उभा राहिला. असले गुन्हे दोघांत मिटवण्याचे नसतात, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलंय.

निवृत्त_मुख्याध्यापिका

वकीलसाहेबांनी पोलिसांची बाजू सांगितली, तिथं माझी काही भर नाही. मी नोकरीच्या बाजूचं सांगते, कारण माझी त्यात पुष्कळ वर्षं गेली. आणि तू मला मुलीसारखी, म्हणून अगं-तुगं करते.

खासगी शाळांतल्या शिक्षकाला शिक्षा कशी करायची, ते खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली सांगते. आपण सगळे एमईपीएस म्हणतो. त्यात नियम ३६ खाली तीन जणांची चौकशी समिती असते. एक संस्थेचा माणूस, एक त्या शिक्षकानं स्वतः निवडलेला खासगी शाळेतला कर्मचारी, आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतला. पुरस्कार घेताना हे कुणी सांगत नाही. शाल, श्रीफळ, फोटो. मग एक दिवस लिफाफा येतो की अमुक शाळेच्या अमुक चौकशीत आपण सदस्य आहात. मी अशी सदस्य म्हणून बसलेली आहे.

तर राजीनाम्याचं बोलू.

एका चौकशीत मी त्या शिक्षकाचं सेवापुस्तक मागवलं. संस्थेचा माणूस म्हणाला, बाई त्यात काय बघायचं, आरोप इथले आहेत. तरी आणवलं. जाड, कोपरे मुडपलेलं, जुन्या संस्थेच्या शिक्क्यांचं. पानं उलटत गेले. वेतनवाढ, वेतनवाढ, अर्जित रजा, सगळं सुरळीत. मग नोव्हेंबरच्या मध्याला एक ओळ, 'राजीनामा मंजूर'. खाली सही, शिक्का, बस्स. आता मला सांगा, अनुदानित शाळेतली कायम नोकरी कुणी दिवाळीची सुट्टी संपता संपता, सत्राच्या मध्येच सोडतं का? नियमानं तीन महिन्यांची नोटीस असते. ती कधी दिली, कधी संपली, काही नोंद नाही. घरचं कारण म्हणावं तर माणूस पुढच्याच जूनमध्ये दुसऱ्या जिल्ह्यात हजर. मी जुन्या शाळेत फोन लावला. क्लार्कनं उचलला. चांगला माणूस होता, पण आवाज खाली करून म्हणाला, 'बाई, ते आमच्याकडं मिटलं होतं.' कुणाचं मिटलं होतं? त्यांचं. आमच्या गावातल्या पोरींचं तिथूनच सुरू झालं.

तुझ्या मनात आलं ना, निदान आपल्या शाळेतल्या मुली सुटतील. त्या जुन्या शाळेत कुणाच्या तरी मनात नेमकं हेच आलं असणार. सचिवाचं सोड, त्याला शाळेचं नाव, पटसंख्या आणि पुढची तुकडी दिसते. पण आपण बायकाही याला फसतो, कारण ऐकायला ते दयेचं वाटतं. राजीनामा आला आणि कोऱ्या सेवापुस्तकावर 'मंजूर' पडलं, की पुढच्या संस्थेला काही दिसायला मार्गच राहत नाही. वर तो अनुभवाचा दाखला. 'वर्तणूक चांगली' असं लिहिलेल्या दाखल्यावर सही करणारा हात कुणाचा असेल? तुझ्या हेडसरांचाच. हे त्यांना एकांतात विचार.

आता फळ्यापुढे यांच्याविषयी. भाऊ, तुमची काळजी मला मान्य आहे. म्हणूनच तर रीतसर चौकशी हवी. आधी आरोपांचं निवेदन, उत्तराला सात दिवस, समितीत तुमचा माणूस तुम्ही निवडायचा, कागद बघायचे, साक्षीदाराला प्रश्न करायचे, निकाल पटला नाही तर तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणात, म्हणजे ट्रिब्युनलमध्ये, अपील. खोटी तक्रार असली तर ती तिथं उघडी पडते. राजीनामा घेतला की निर्दोष माणसालाही निर्दोष ठरायची जागा उरत नाही, गावात कुजबुज जन्मभर राहते. तुमच्या संघटनेनं खरं तर राजीनाम्याच्या विरोधात उभं राहायला पाहिजे.

पण चौकशी करायची तर धड करावी लागते. अर्धवट चौकशीमुळे दोषी माणसं ट्रिब्युनलमधून मागच्या पगारासकट परत आलेली आहेत. मग शाळेत हार घालून मिरवणूक, आणि ती मुलगी बघत असते खिडकीतून. कारणं ठरलेली असतात. आरोपपत्रात लिहितात 'विद्यार्थिनींशी अशोभनीय वर्तन केले'. कधी? कुठं? कुणाशी? काय? मी एकदा असं आरोपपत्र निमंत्रकाला परत दिलं आणि म्हटलं, तारीख, तास, वर्ग, शब्द घालून आणा. तो चिडला. 'बाई, तुम्ही आमच्या बाजूच्या का त्यांच्या?' दुसरं, तिघांनी मिळून एक निष्कर्ष द्यायचा असतो. संस्थेचा माणूस आपला वेगळा कागद लिहितो, शिक्षकाचा माणूस सहीच करत नाही, आणि एवढ्यावर सगळं पडतं. तिसरं, वेळ. चौकशी साधारण १२० दिवसांत संपवायची असते. बैठक ठेवायची आणि कोरम नाही म्हणून चहा पिऊन उठायचं, असं करत वर्ष काढतात. तोवर मुलगी दहावी होऊन जाते, साक्षीला येत नाही.

मुलीच्या साक्षीचं मात्र मन लावून बघ, कारण समितीवर तू नसलीस तरी तिच्याजवळ तूच असणार. एका ठिकाणी मी पोचले तर मुख्याध्यापकांच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला ती पोरगी, चौदा वर्षांची, आणि समोर, हात लांबवला तर लागेल एवढ्या अंतरावर, ते सर. मध्ये बिस्किटांची बशी. त्यांच्या निवडीचा सदस्य पहिलाच प्रश्न विचारतो, 'तू त्यांच्याकडं परत परत का जात होतीस?' मी बैठक थांबवली. सरांना शेजारच्या ऑफिसात बसवलं, प्रश्न कागदावर लिहून मागितले, आणि निमंत्रकांतर्फे एकेक वाचून मुलीला विचारले. उत्तर लिहून झालं की कागद त्यांच्याकडं. वेळ लागला, पण त्यांचा उलटतपासणीचा हक्कही राहिला आणि पोरीला त्यांचं तोंड बघावं लागलं नाही. पोक्सोच्या कोर्टात साक्षीच्या वेळी आरोपी मुलासमोर येऊ देत नाहीत, मग आपल्या खोलीत का यावा? आई जवळ होती. इतिवृत्तात हे सगळं शब्दशः लिहायला लावलं, म्हणजे पुढं ट्रिब्युनलमध्ये 'मला संधीच दिली नाही' म्हणता येऊ नये.

निलंबनाचं थोडक्यात. संस्था शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेऊन निलंबित करू शकते. तशी परवानगी असली तर पहिले चार महिने निर्वाह भत्ता सरकारी वेतनातून, नसली तर संस्थेच्या खिशातून. संस्था निलंबनाला का घाबरतात, ते यात आहे. अटक होऊन ४८ तासांच्या वर कोठडी झाली तर निलंबन आपोआपच धरलं जातं. तेवढ्यानं काम झालं असं समजू नये, चौकशी तरीही लावायची.

आणि एक. सखी सावित्री समिती तुमच्या शाळेत कागदावर तरी असेलच, मार्च २०२२ च्या शासन निर्णयानं ती सगळ्या शाळांत करायची होती. फलकावर नावं लिहिलेली असतील, बघ. त्यातली पालक प्रतिनिधी कोण आहे ते शोध. कधी कधी अशा बाईच्या एका फोननं जे होतं, ते अर्जानं होत नाही.

वकील_कोर्टनाका

बाई, तुमच्या लेखी प्रश्नांच्या पद्धतीवर एक जोड. नवोदय विद्यालयांच्या नियमांत मुलींना उलटतपासणीतून वाचवण्यासाठी पूर्ण चौकशीच टाळायची सोय आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ती योग्य ठरवली. आपल्या खासगी शाळांना मात्र १९८१ च्या नियमांप्रमाणे रीतसर चौकशी करावीच लागते. 'आम्ही थेट काढून टाकलं' असं अभिमानाने सांगणाऱ्या संस्था ट्रिब्युनलमध्ये हरतात. शूरपणा महाग पडतो.

लेस्टरकर_गणितबाई

मी मूळची सांगलीची, इथं इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळेत गणित शिकवते. सेवापुस्तकाचं वाचून लिहावंसं वाटलं.

इथं टीचिंग रेग्युलेशन एजन्सी म्हणून सरकारी यंत्रणा आहे, सगळे टीआरए म्हणतात. शिक्षकाला गंभीर गैरवर्तनासाठी काढलं, किंवा काढलं असतं पण त्याआधीच त्यानं राजीनामा दिला, अशा दोन्ही वेळी ते प्रकरण टीआरएकडं पाठवायचं का, याचा विचार करणं शाळेला कायद्यानं भाग आहे. म्हणजे तुमच्या सचिवांची पळवाट कायद्यात नाव घेऊन बुजवली आहे. मग पॅनेलपुढं सुनावणी होते. बंदीचा आदेश निघाला तर शिक्षकाच्या नावासकट निर्णय सरकारी संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो, मुलांची नावं त्यात नसतात. नोकरी देण्यापूर्वी शाळा बंदीची यादी तपासते. माझी नेमणूक झाली तेव्हा माझंही नाव तपासलं गेलं, आणि मला त्यात अपमान वाटला नाही.

सगळं सोन्याचं आहे असं नाही. प्रकरणं फार रेंगाळतात, आणि तोवर त्या शिक्षकाच्या डोक्यावर टांगती तलवार असते. पण शहर बदललं की माणूस नवा होतो, असं होत नाही.

फळ्यापुढे_अर्धं_आयुष्य

बाईंचं राजीनाम्याविषयीचं पटलं. आमच्याकडं कार्यकारिणीत असा विषय आला की पहिला ठराव 'सन्मानानं बाहेर पडू द्या' हाच असतो, आणि मीही त्याला हात वर केलेला आहे. पोलिसांचा क्रम मला अजून जड जातोय, पण कायदाच असेल तर वाद नाही. नवीन बाई, तुमचा वेतनश्रेणीचा प्रस्ताव अडवला तर संघटनेकडं या. आमच्या संघटनेत नसाल तरी या.

नवीन_बाई

सगळ्यांचे आभार. मुलीच्या घरी गेले होते. वडील ऊसतोडीच्या मुकादमीवर, घरी नव्हते. आई आणि आजी. आईला मी काही सांगायच्या आधीच माहीत होतं, मुलीनं मोबाइल न विचारता नेलाच नव्हता, आईनंच दिला होता, 'बाईंना दाखव' म्हणून. माझी मान खाली गेली. मी आठवडाभर आईवडील 'नको' म्हणतील याचा विचार करत होते.

आजी म्हणत होती, पोरीचं लग्न व्हायचंय. आई म्हणाली, व्हायचंय तेव्हा होईल. जबाब घरी होतो, गणवेश नसतो, हे वकीलसाहेबांनी लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. दोघी मिळून उद्या सकाळी जातोय. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवरही बोलले, त्यांनी आमच्याकडची नोंद घेतली.

आता अडलंय ते शाळेत. मी हेडसरांना लेखी द्यायचं ठरवलं. अर्ज लिहिला, तारीख, तास, मुलीनं सांगितलं ते तिच्या शब्दात. नाव न घालता इयत्ता घातली. हेडसर म्हणतात, 'ठेवून जा, आवकमध्ये नोंद नंतर करू, सचिव येऊ देत.' त्यांच्या टेबलावर तो अर्ज कालपासून पेपरवेटखाली आहे. आणि दुपारी सचिवांनी सरांना बोलावून घेतलं, दार लावून तासभर बसले. राजीनामा लिहून घेतायत असं शिपायाकडून कळलं.

निवृत्त_मुख्याध्यापिका

राजीनामा लिहू दे. त्यानं पोलीस केस थांबत नाही. पण तुझा अर्ज पेपरवेटखाली राहता कामा नये. आवक क्रमांक नसलेला कागद म्हणजे शाळेला कळवलंच नाही, असं उद्या हेच सांगतील. आणि तारीख महत्त्वाची. तू आज कळवलंस हे सिद्ध झालं, तरच त्यानंतरचा राजीनामा माहिती असून घेतला हे दिसतं.

आज पोस्ट ऑफिस उघडं आहे तोवर दुसरी प्रत काढ. मुख्याध्यापक, सचिव आणि शिक्षणाधिकारी (माध्यमिक), तिघांना स्पीड पोस्टानं, रजिस्ट्रेशन आणि पोचपावतीसह. पाकिटावर 'गोपनीय' लिही. शिक्षणाधिकाऱ्यांच्या पत्रात एक वाक्य जास्तीचं घाल: सदर शिक्षकाचा राजीनामा मंजूर करू नये व नियम ३६ खाली चौकशी लावावी. पोस्टाच्या पावत्या पर्समध्ये ठेवू नकोस, घरी ठेव.

हेडसर तुझ्यावर रागावतील. त्यांना सांग की तुमच्याच भल्यासाठी केलं. खोटं नाही ते. बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये गुन्हा केला सफाई कामगारानं, पण कळवलं नाही म्हणून शाळेच्या मुख्याध्यापिकेवर आणि संस्थेच्या अध्यक्ष-सचिवांवरही गुन्हा लागला, पुढं अध्यक्ष-सचिवांना अटकही झाली. कलमं सांगितली तर सचिव ऐकणार नाही, बदलापूर म्हटलं की ऐकेल.

नवीन_बाई

पोस्टात रांगेत आहे. शिक्षणाधिकाऱ्यांचा पत्ता जिल्हा परिषदेचाच घालायचा ना?

निवृत्त_मुख्याध्यापिका

हो. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, आणि जिल्ह्याचं ठिकाण. पिनकोड घाल. आणि उद्या ठाण्यात गेलीस की तक्रारीची प्रत आईच्या हातात मिळेपर्यंत उठू नका.